व्हिडिओ एडिटिंगचे प्रोजेक्ट बाहेरच्या हार्डडिस्कवर कसे हलवायचे

लॅपटॉपवरची जागा संपत आली की सुचणारा उपाय बहुतेकांचा एकच असतो. प्रोजेक्टचा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करायचा, तिथून उघडून बघायचा, चालला की लॅपटॉपवरचा उडवायचा. प्रोजेक्ट उघडतो, टाइमलाइन व्यवस्थित चालते, मूळ फोल्डर डिलीट होतो, रिसायकल बिनही रिकामी होते. पुढच्या वेळी तोच प्रोजेक्ट उघडला की प्रत्येक क्लिपच्या जागी लाल पडदा आणि त्यावर 'मीडिया ऑफलाइन'.

कारण साधं आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. ती पत्त्यांची वही असते: कोणती क्लिप कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात आहे, तिचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा घेतलाय, त्यावर कोणता इफेक्ट लावलाय. म्हणून तर कित्येक तासांचं फुटेज वापरलेल्या प्रोजेक्टची फाइलही सहसा काही मेगाबाइटचीच असते. वही दुसऱ्या डिस्कवर नेली तरी आतले पत्ते जुनेच राहू शकतात. लॅपटॉपवर जुनं फुटेज आहे तोवर नवी प्रत मुकाट तिथूनच वाचत राहते, आणि आपल्याला वाटतं हलवाहलव झाली.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. त्यातली सातवी कधीही गाळू नका.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- बाहेरचा ड्राइव्ह. प्रोजेक्टच्या एकूण आकाराच्या दीडपट तरी मोकळी जागा असलेला. १ टीबीचा ड्राइव्ह विंडोज ९३१ जीबी दाखवतं. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, ड्राइव्ह खराब नाही.
- बॅकअपसाठी आणखी एक ड्राइव्ह.
- ड्राइव्हसोबत आलेली मूळ केबल.
- कॉपी तपासून देणारा प्रोग्रॅम. विंडोजवर टेराकॉपी, विंडोज आणि मॅक दोन्हींवर फ्रीफाइलसिंक.
- तुमच्या एडिटिंग प्रोग्रॅमची आवृत्ती, कुठेतरी लिहून ठेवलेली. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत सहसा उघडत नाही.
- सलग मोकळा वेळ, आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला.

१. ड्राइव्ह आणि केबल

आधी ठरवा: ड्राइव्ह फक्त झालेली कामं ठेवायला हवा आहे, की त्यावरूनच एडिटिंग करायचं आहे? नुसतं साठवायचं असेल तर फिरत्या तबकडीची साधी हार्डडिस्क पुरते आणि स्वस्त पडते. एडिटिंग करायचं असेल तर एसएसडी (फिरती तबकडी नसलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह) घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर क्षमतेत वाचवा, प्रकारात नको.

आकडे बघितले की हे का ते कळेल. कॅमेऱ्यातून आलेलं १०० मेगाबिटचं फोरके फुटेज सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मागतं (८ बिट म्हणजे १ बाइट, इथे भलेभले गोंधळतात). एका तासाचं फुटेज ४५ जीबी होतं. लहान पोर्टेबल हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० मेगाबाइट देते, म्हणजे अशी एक क्लिप ती सहज चालवेल. पण तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की तबकडीवरची सुई एकाच वेळी तीन ठिकाणी धावते आणि वेग कोसळतो. प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या, जड प्रकारातलं ३० फ्रेमचं फोरके फुटेज तर एकटंच सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मागतं. एसएसडीतला जुना, धीमा प्रकार म्हणजे साटा, तो ५०० च्या घरात वेग देतो; नवा, वेगवान एनव्हीएमई चांगल्या पोर्टवर १००० च्या आसपास.

आता केबल. यूएसबी-सी हा फक्त खाचेचा आकार आहे, वेगाचं नाव नव्हे. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच यूएसबी-सी केबली आतून यूएसबी २.० च्याच असतात. त्यातून सेकंदाला ३५-४० मेगाबाइटपेक्षा जास्त काही जात नाही. ५०० जीबी न्यायचे असतील तर अशा केबलने चार तास लागतील. त्याच एसएसडीला योग्य केबल लावली तर वीस-पंचवीस मिनिटं. कॉपीचा वेग सेकंदाला ४० च्या खाली अडकलेला दिसला तर ड्राइव्हला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून बघा.

२. फॉरमॅट: फुटेज टाकण्याआधीच ठरवायचं

ड्राइव्ह फॉरमॅट केला की त्यावरचं सगळं जातं. म्हणून हा निर्णय तो रिकामा असतानाच घ्या.

फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एपीएफएस, आणि फिरती हार्डडिस्क असेल तर मॅक ओएस एक्स्टेंडेड. दोन्हीकडे वापरायचा असेल तर एक्सफॅट. मॅक एनटीएफएस ड्राइव्ह वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एपीएफएसचा ड्राइव्ह विंडोजला लावला तर ते तो फॉरमॅट करायचा का असं विचारू शकतं. तिथे 'हो' म्हणू नका.

एक्सफॅटची सोय आहे तसा धोकाही आहे. लिहिताना केबल निघाली किंवा वीज गेली तर अर्धवट राहिलेल्या नोंदी सावरायची जर्नलिंगची व्यवस्था त्यात नाही. एकाच प्रकारच्या मशीनवर काम असेल तर 'पुढेमागे लागेल' म्हणून एक्सफॅट करू नका. मॅकवरच्या फायनल कट प्रोची लायब्ररी (त्याचे प्रोजेक्ट जिच्यात राहतात ती फाइल) तर एक्सफॅटवर ठेवायचीच नाही. तिला एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेडच लागतं.

जुना ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. दोनशे जीबी मोकळे असताना 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश आला तर कारण हेच.

३. काय कुठे पडलंय ते शोधा

कंटाळवाणं काम, पण सगळा घोळ इथेच लपलेला असतो. एखादा दहा मिनिटांचा मुलाखतीचा व्हिडिओ घ्या. मुलाखतीचं फुटेज प्रोजेक्टच्या फोल्डरात आहे, ठीक. पण पार्श्वसंगीत डाउनलोड्समध्ये आहे, कारण ते ब्राउझरमधून थेट टाइमलाइनवर ओढलं होतं. लोगो कुणीतरी चॅटवर पाठवला, तो त्या अॅपच्या फोल्डरात. आवाजाचं रेकॉर्डिंग डेस्कटॉपवर. शीर्षकासाठी केलेला स्क्रीनशॉट पिक्चर्समध्ये. प्रोजेक्टचा फोल्डर हलवला तर यातलं फक्त फुटेज हलतं.

प्रोजेक्ट उघडा आणि क्लिपांच्या यादीत फाइलचा पत्ता दाखवणारा स्तंभ चालू करा. प्रीमियर प्रोमध्ये बिन (क्लिपा ठेवायचा फोल्डर) लिस्ट व्ह्यूमध्ये ठेवून मेटाडेटा डिस्प्लेमधून फाइल पाथ निवडता येतो. दाव्हिंची रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्येही लिस्ट व्ह्यूत तसाच स्तंभ आहे. त्या स्तंभावर क्लिक करून क्रम लावला की इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली एका नजरेत दिसतात.

बघताना या गोष्टींवर लक्ष ठेवा:

- क्लाउडवरच्या फाइली. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडला जोडलेले असतील तर काही फाइली मशीनवर फक्त नावापुरत्या असतात. आधी त्या पूर्ण डाउनलोड करून घ्या.
- फाँट, प्लगइन, लट (एलयूटी, म्हणजे फुटेजचे रंग बदलणाऱ्या तयार फाइली). हे प्रोजेक्टच्या सोबत जात नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडणार असाल तर फाँट आणि लटच्या फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि प्लगइनची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. देवनागरी फाँट तर नक्कीच. फाँट नसला की शीर्षकं दुसऱ्याच वळणात दिसतात आणि ओळी तुटतात.
- कॅमेऱ्याच्या कार्डाची रचना. काही कॅमेऱ्यांत एक लांब शॉट अनेक फाइलींत तुटलेला असतो आणि त्यांना जोडणारी माहिती शेजारच्या फोल्डरांत असते. 'प्रायव्हेट' किंवा 'एम४रूट' नावाचे फोल्डर दिसले तर ते पूर्ण जसेच्या तसे न्या. आतली फक्त व्हिडिओ फाइल उचलू नका.
- नावांतली चिन्हं. मॅकवर चालणारी प्रश्नचिन्हं, तारांकनं, उभ्या रेघा विंडोजला चालत नाहीत. पण आता फुटेजची नावं बदलायला जाऊ नका, लिंक तुटतील. पुढच्या प्रोजेक्टपासून नावं साधी ठेवा. 'फायनल_खरंच_फायनल_३' याबद्दल मी काही बोलत नाही.

४. कॅशे मागेच राहू द्या

कॅशे, रेंडर आणि प्रिव्ह्यूच्या फाइली म्हणजे प्रोग्रॅमने काम वेगात व्हावं म्हणून स्वतः बनवलेल्या तात्पुरत्या फाइली. त्या तो पुन्हा बनवू शकतो. त्या हलवण्यात वेळ आणि जागा दोन्ही वाया जातात. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशेमधून, रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतल्या डिलीट रेंडर कॅशेमधून आणि फायनल कटमध्ये फाइल मेनूतल्या डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्समधून त्या साफ होतात. कधीकधी एवढ्यानेच इतकी जागा मोकळी होते की हलवायची घाईच उरत नाही. प्रॉक्सीचं (एडिटिंग हलकं व्हावं म्हणून बनवलेल्या फुटेजच्या लहान प्रतींचं) वेगळं: काम अजून चालू असेल तर न्या, संपलं असेल तर सोडा.

५. गोळा करायचं काम प्रोग्रॅमवर सोपवा

प्रीमियर प्रो: फाइल मेनूत प्रोजेक्ट मॅनेजर उघडा. हव्या त्या सिक्वेन्स निवडा आणि 'कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन' घ्या. कॅल्क्युलेटचं बटण दाबलं की किती जागा लागेल ते आधीच कळतं. त्याखालचा 'कन्सॉलिडेट अँड ट्रान्सकोड' हा पर्याय फुटेज नव्याने एन्कोड करतो. नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. 'एक्स्क्लूड अनयूज्ड क्लिप्स'वर खूण असेल तर टाइमलाइनवर न वापरलेलं फुटेज मागे राहील. उद्या त्यातलाच एखादा शॉट लागेल अशी शक्यता असेल तर खूण काढा.

यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर तुमची फोल्डरांची रचना मोडून सगळं एकाच फोल्डरात ओततो. दुसरी म्हणजे डायनॅमिक लिंकने जोडलेल्या आफ्टर इफेक्ट्सच्या कॉम्पोझिशन त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी आफ्टर इफेक्ट्समध्ये जाऊन फाइल मेनूतल्या डिपेन्डन्सीजखालचं कलेक्ट फाइल्स वेगळं चालवावं लागतं. माझं मत विचाराल तर तुमचं फुटेज आधीच नीट लावलेलं असेल तर प्रोजेक्ट मॅनेजर सोडा. बाहेर भटकणाऱ्या चार-पाच फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करा, मग पूर्ण फोल्डर न्या आणि नंतर रिलिंक करा, म्हणजे क्लिपांचे नवे पत्ते प्रोग्रॅमला दाखवा (सातवी पायरी). पसारा असेल तेव्हा प्रोजेक्ट मॅनेजरला पर्याय नाही.

दाव्हिंची रिझॉल्व्ह: इथे प्रोजेक्ट फाइल शोधत बसू नका. रिझॉल्व्हचे प्रोजेक्ट त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत राहतात. प्रोजेक्ट मॅनेजरच्या खिडकीत प्रोजेक्टवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' घ्या. नुसतं 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' केलं तर डीआरपी फाइल मिळते आणि तिच्यात मीडिया नसतो. आर्काइव्ह केलं तर डीआरए नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात फुटेजही येतं. दुसरीकडे तो 'रिस्टोर प्रोजेक्ट आर्काइव्ह'ने उघडायचा. डबल क्लिक करून आतल्या फाइली ओढायच्या नाहीत.

फायनल कट प्रो: लायब्ररी निवडून उजवीकडच्या लायब्ररी प्रॉपर्टीजमध्ये बघा, मीडिया लायब्ररीत आहे की बाहेर. आयात करताना 'लीव्ह फाइल्स इन प्लेस' निवडलं असेल तर लायब्ररीत नुसते दुवे असतात. अशा वेळी स्टोअरेज लोकेशनमध्ये मीडियासाठी 'इन लायब्ररी' निवडा आणि फाइल मेनूतून 'कन्सॉलिडेट लायब्ररी मीडिया' चालवा. मात्र यासाठी मॅकवर आधी जागा हवी. जागाच नसेल तर उलट करा: फायनल कट बंद करून लायब्ररी ड्राइव्हवर कॉपी करा, तिथली प्रत उघडा आणि मग तिथेच कन्सॉलिडेट करा.

केडेनलाइव्ह वापरणाऱ्यांना प्रोजेक्ट मेनूत 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' मिळेल.

६. कॉपी करा, कट नको

कट-पेस्टमध्ये मधेच केबल हलली तर अर्ध्या फाइली इथे, अर्ध्या तिथे अशी स्थिती होते, आणि कोणती कुठे अर्धी राहिली ते शोधणं हे हलवण्यापेक्षा मोठं काम आहे. नेहमी कॉपी. कॉपी चालू असताना एडिटिंगचा प्रोग्रॅम बंद ठेवा आणि लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा.

झाल्यावर पडताळणी दोन पातळ्यांवर करा. वरवरची: दोन्ही फोल्डरांची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवा. विंडोजमध्ये 'साइझ' ही ओळ बघा, 'साइझ ऑन डिस्क' नाही. ती दोन ड्राइव्हवर वेगळी दिसणारच. मॅकवरून एक्सफॅट ड्राइव्हवर कॉपी केली असेल तर विंडोजमध्ये टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या बारीक फाइली जास्तीच्या दिसतील. नाव क्लिपचंच, आकार काही किलोबाइट. त्या मॅकच्या नोंदी आहेत, त्या टाइमलाइनवर ओढू नका.

खरी पडताळणी चेकसमची, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा दोन्हीकडे जुळवण्याची. टेराकॉपीत व्हेरिफाय चालू ठेवलं की कॉपीनंतर तो दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून ताडून बघतो. फ्रीफाइलसिंकमध्ये 'फाइल कंटेंट'ने तुलना करायचा पर्याय आहे. वेळ जवळपास दुप्पट लागतो. पुन्हा शूट करता येणार नाही असं फुटेज असेल तर तो घालवाच.

७. जुन्या फोल्डरचं नाव बदला, मगच नवा प्रोजेक्ट उघडा

लॅपटॉपवरच्या मूळ फोल्डरच्या नावापुढे 'जुना' असं काहीतरी जोडा. डिलीट करायचं नाही, फक्त नाव बदलायचं. डाउनलोड्स, डेस्कटॉपवरच्या ज्या भटक्या फाइली नेल्या, त्याही या 'जुना' फोल्डरात सरकवा. आता जुने पत्ते खोटे झाले.

मग बाहेरच्या ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट उघडा. सगळं निमूट चाललं तर प्रोजेक्ट खरोखर नव्या जागेवरून वाचतोय. क्लिपा ऑफलाइन दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, त्या तशा दिसाव्यात म्हणूनच हा खटाटोप केला.

प्रीमियर आपणहून 'लिंक मीडिया'ची खिडकी उघडतो. 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली'वर खूण ठेवा, पहिली क्लिप लोकेट करून दाखवा, त्याच फोल्डररचनेतल्या बाकीच्या तो स्वतः शोधतो. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपा निवडून राइट क्लिक, 'रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स', आणि वरचा फोल्डर दाखवा. फायनल कटमध्ये फाइल मेनूत 'रीलिंक फाइल्स'. एकच सावधगिरी: दोन कॅमेऱ्यांच्या किंवा दोन दिवसांच्या कार्डांवर एकाच नावाच्या क्लिपा असू शकतात. चुकीची क्लिप जोडली गेली तर ऑफलाइनची लाल पाटी येत नाही, दुसराच शॉट दिसतो. म्हणून फोल्डर एकेक करून जोडा.

यानंतर टाइमलाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून बघा आणि एकदा पूर्ण एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टमध्ये वापरलेली प्रत्येक फ्रेम वाचली जाते, त्यामुळे एखादी क्लिप मधेच खराब असेल तर ती इथे हमखास अडकते. शेवटी प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करा. नवे पत्ते सेव्ह केल्यावरच पक्के होतात.

८. डिलीट करण्याआधी दुसरी प्रत

लॅपटॉपवरचं उडवलं की बाहेरच्या ड्राइव्हवरची प्रत ही बॅकअप राहत नाही. तीच एकमेव मूळ प्रत होते, आणि तीही हातातून पडू शकणाऱ्या वस्तूत. म्हणून आधी तो पूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर न्या, शक्य असेल तर तो वेगळ्या जागी ठेवा. जाणकार ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. तेवढं जमलं नाही तरी दोन ड्राइव्ह हवेतच. तिसरी प्रत जमवायची असेल तर निदान प्रोजेक्ट फाइल क्लाउडवर टाका, तिला जागा कितीशी लागते!

'जुना' फोल्डर आणखी थोडे दिवस राहू द्या. त्या काळात प्रोजेक्टने काही मागितलं नाही तर खुशाल डिलीट करा.

९. रोजचं काम याच ड्राइव्हवरून करणार असाल तर

- कॅशे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरच ठेवा, फुटेज बाहेर. दोन्ही एकाच फिरत्या हार्डडिस्कवर असले की टाइमलाइन अडखळते.
- प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या स्क्रॅच डिस्कमध्ये ऑटो-सेव्हची जागा लॅपटॉपवर द्या. ड्राइव्ह मधेच बंद पडला तरी एडिट हाताशी राहतो.
- विंडोजमध्ये ड्राइव्हचं अक्षर कायमचं करा. आज ई असलेला ड्राइव्ह उद्या पेनड्राइव्ह आधी लावल्यामुळे एफ झाला तर सगळं पुन्हा ऑफलाइन. डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून शेवटाकडचं एखादं अक्षर द्या, समजा 'एक्स'. मॅकवर अक्षरं नसतात, तिथे ड्राइव्हचं नाव बदलू नका आणि दोन ड्राइव्हना एकच नाव देऊ नका.
- स्वतःची वीज नसलेल्या यूएसबी हबवर दोन-तीन ड्राइव्ह लावू नका. वीज कमी पडली की ड्राइव्ह मधेच गायब होतो. थेट पोर्टला लावा.
- पॉवर सेटिंगमध्ये हार्डडिस्क झोपवण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर चहा घेऊन आल्यावर पहिला प्ले दाबला की काही सेकंद सगळं थिजतं.
- काढताना इजेक्ट. 'ड्राइव्ह वापरात आहे' असं आलं तर बहुधा एडिटिंगचा प्रोग्रॅम किंवा मागे चालू राहिलेला मीडिया एन्कोडर तो धरून बसलेला असतो. ते पूर्ण बंद करा. तरीही सुटला नाही तर मशीन शटडाउन करा आणि मगच केबल काढा.